ट्रेलरच्या पाठीमागे किती जागा हवी?

भिलईच्या सेक्टरांतून दक्षिणेला निघाले की रिसाली, मरोदा मागे पडतात आणि उतई लागते. छोट्या नगरपंचायतीचे गाव. पुढे पाटण, गुंडरदेहीकडे रस्ते फुटतात. सकाळच्या वेळी या रस्त्यावर शाळेची मुले सायकलवर असतात, कारखान्याच्या पाळीला निघालेले कामगार मोटरसायकलवर असतात, धानाच्या हंगामात पोत्यांनी भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या असतात आणि या सगळ्यांतून वाट काढत मालाने भरलेले ट्रक जात असतात. उत्तरेला काही किलोमीटरवर जुना ग्रेट ईस्टर्न रोड आहे, म्हणजे आजचा राष्ट्रीय महामार्ग ५३. रायपूर, भिलई, दुर्ग, राजनांदगाव करत तो बाघ नदी ओलांडतो आणि देवरी, साकोली, भंडारामार्गे नागपूरला पोचतो. १९५९ साली भिलई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली, तेव्हापासून हा सगळा पट्टा लोखंडावर जगतो. कारखान्याचे लांबलचक रूळ रेल्वेने जातात. पण रायपूरजवळच्या उरला, सिलतरा इथल्या रोलिंग मिलमधली सळई, जामुलचे सिमेंट, राखेच्या विटा आणि तांदूळ जातो तो रस्त्याने.

या रस्त्यावर एक दृश्य इतके नेहमीचे आहे की ते कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. एका ट्रेलरच्या मागे दुसरा ट्रेलर, दोघांत जेमतेम दहा मीटर. वेग ताशी ७०–८०. मागच्या चालकाला समोर फक्त एक लोखंडी पाठ दिसते, तिच्यावर रंगवलेले कमळ आणि ‘कीप डिस्टन्स’ ही अक्षरे. अक्षरे स्पष्ट वाचता येतात, इतका तो जवळ असतो.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांपैकी सुमारे एक पंचमांश अपघात मागून धडक बसल्याचे होते. समोरासमोरची टक्कर अंगावर काटा आणते म्हणून तिची चर्चा होते; मागून बसलेल्या धडकेला बातमीत दोन ओळी मिळतात आणि त्यांतही कारण ठरलेले: ‘ब्रेक फेल’ किंवा ‘चालकाचे नियंत्रण सुटले’. माझ्या मते यातल्या बऱ्याच अपघातांत ब्रेक उत्तम असले तरी काही फरक पडला नसता. धडक कशी ठरते हे आकड्यांनीच पाहू.

ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर. पुढच्या गाडीचे लाल दिवे लागले, हे डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत जाग्या, सावध माणसालाही एक ते दीड सेकंद लागतो. दीड सेकंदात ट्रक ३३ मीटर पुढे गेलेला असतो. मोटारीत पॅडल दाबले की तेलाचा दाब जवळजवळ त्याच क्षणी चाकापर्यंत पोचतो. अवजड वाहनाचे ब्रेक हवेवर चालतात. टाकीतली दाबलेली हवा नळ्यांतून मागच्या चाकांपर्यंत जायला आणि ब्रेक पूर्ण आवळायला आणखी सुमारे अर्धा सेकंद लागू शकतो. म्हणजे अजून ११ मीटर. त्यानंतर वेग उतरायला लागतो. भरलेल्या ट्रकच्या ब्रेकची जी किमान अपेक्षा मानकांत आहे, ती आहे दर सेकंदाला ताशी १८ किलोमीटरने वेग कमी करणे. त्या हिशेबाने ८० वरून शून्यावर यायला आणखी सुमारे ४९ मीटर लागतात. एकूण बेरीज ९३ मीटर.

इथे एखादा मुरलेला चालक हरकत घेईल आणि ती रास्त आहे. पुढचा ट्रकही काही जागच्या जागी थिजत नाही, त्यालाही थांबायला ४९ मीटर लागतातच. मग मला पूर्ण ९३ मीटर कशाला हवेत? बरोबर. दोघांचे ब्रेक सारखे असतील तर मागच्याला फक्त भान येण्याचा आणि हवा पोचण्याचा वेळ भरून काढायचा असतो. तो सुमारे दोन सेकंद, म्हणजे ४४ मीटर. आता दहा मीटरवर चाललेल्याचे काय होते ते पाहा. पुढच्याने जोरात ब्रेक मारला. पहिल्या दोन सेकंदांत त्याचा वेग ताशी ३६ किलोमीटरने घटतो आणि दोघांतले अंतर बरोबर दहा मीटरने कमी होते. मागच्याचा ब्रेक लागायला सुरुवात व्हायची तीही दोन सेकंदांनंतर. म्हणजे ब्रेक चाकाला पकडतात त्याच क्षणी ट्रेलर पुढच्या पाठीवर आदळलेला असतो, ताशी ३६ किलोमीटरच्या फरकाने. ट्रेलर चाळीस टनांचा असेल तर केबिन चेपायला एवढे पुरते. ब्रेक फेल झाला होता का, हे नंतर तपासण्यात अर्थ नसतो. त्याला काम करायची संधीच मिळाली नाही.

शिवाय दोघांचे ब्रेक सारखे नसतात. पुढे मोटार असेल तर ती त्याच वेगावरून तीस-पस्तीस मीटरमध्ये उभी राहू शकते. त्यामुळे ४४ मध्ये आणखी पंधरा-सोळा मीटर धरावे लागतात. आणि पुढची गाडी ब्रेक न मारता कशावर तरी आदळून थांबली, तर पूर्ण ९३ मीटर लागतात.

शाळेतले भौतिकशास्त्र आठवणाऱ्याला एक कोडे पडेल. घर्षणाच्या सूत्रात वस्तुमान दोन्ही बाजूंनी कटते. मग जड गाडीला जास्त अंतर का? कागदावर कटते, रस्त्यावर नाही. ट्रकचे टायर जास्त टिकावे म्हणून त्यांचे रबर कडक केलेले असते, त्यामुळे ते रस्त्याला मोटारीच्या टायरइतके धरत नाहीत. रिकाम्या ट्रकची मागची चाके हलकी असल्यामुळे जोरात ब्रेक मारला की लॉक होऊन घसरू शकतात. यासाठीच २०१५ पासून नव्या अवजड गाड्यांना एबीएस सक्तीचे झाले. पण मोठा भाग उष्णतेचा आहे. ब्रेक म्हणजे गतीचे उष्णतेत रूपांतर करणारे यंत्र. चाळीस टनांचा ट्रेलर ८० वरून एकदा थांबवला की ड्रम आणि लायनरमध्ये जेवढी उष्णता तयार होते, तेवढ्यात सुमारे तीस लिटर पाणी उकळेल. भिलई-नागपूर रस्ता बहुतेक सपाट, तिथे एखाद्या थांब्यानंतर ड्रम निवायला वेळ मिळतो. मुंबई-पुणे मार्गावरच्या बोरघाटात तोच ट्रेलर सुमारे पाचशे मीटर खाली उतरतो, तेव्हा त्याला असे जवळजवळ वीस थांबे घेण्याइतकी उष्णता पचवावी लागते. म्हणून घाटात गिअरवर आणि एक्झॉस्ट ब्रेकवर उतरायचे असते. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करून सोडणारे हा सगळा भार लायनरवर टाकतात. पुण्याच्या नवले पुलावर २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री उतारावरून आलेल्या एका अवजड वाहनाने ४८ वाहनांना धडक दिली. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून पुलापर्यंतचा तो लांब उतार आजही पुणेकरांच्या धास्तीचा विषय आहे.

यात मालाचा भार आणखी भर घालतो. जुलै २०१८ मध्ये केंद्राने दोन आसांच्या ट्रकचे परवानगीचे एकूण वजन १६.२ टनांवरून १८.५ टन केले. उद्देश असा की नाहीतरी लोक भरतातच, ते कायदेशीर व्हावे. ‘ओव्हरलोड’ थांबला का, हे लोखंडाच्या पट्ट्यात कोणालाही विचारा. लोक उत्तराऐवजी हसतात.

मग चालक इतके जवळ का चालतात? बेफिकिरी हे सोपे उत्तर आहे आणि अपुरे आहे.

ट्रकची केबिन उंच. मोटारीच्या मागे असलेल्या चालकाला तिच्या टपावरून पुढचा रस्ता दिसतो, त्यामुळे आपल्याला आधीच कळेल असा भरवसा वाटतो. उंचीवरून वेगही कमी भासतो. पण पुढे दुसरा ट्रेलर असेल तर हा फायदा पुरता संपतो आणि सवय मात्र तशीच राहते. दुसरे कारण, वेगमर्यादक. नव्या मालवाहू गाड्यांचा वेग यंत्रानेच ८० वर बांधलेला असतो. ८० वाला ७५ वाल्याला ओव्हरटेक करायला निघाला, तर दोन्ही गाड्यांची लांबी आणि आधीचे-नंतरचे अंतर धरून त्याला सुमारे एक मिनिट लागतो आणि तेवढ्यात सव्वा किलोमीटरहून जास्त रस्ता संपतो. एवढी मोकळी जागा मिळेपर्यंत तो पुढच्याच्या पाठीला चिकटून, डिपर मारत वाट पाहतो. तिसरे, डाव्या लेनची दशा. कायद्याने अवजड वाहन डावीकडे हवे. डावीकडे मात्र उलट्या दिशेने येणारा मोटरसायकलस्वार, ढाब्यासमोर उभे ट्रक आणि रस्त्यात थांबलेली बस. छत्तीसगडमध्ये यात गुरांची भर. पावसाळ्यात शेत-कुरण ओले असते, डांबर कोरडे असते, म्हणून रात्री कळपच्या कळप महामार्गावर बसतात. बिलासपूरच्या उच्च न्यायालयाने या प्रश्नाची स्वतःहून दखल घेऊन सरकारला धारेवर धरले आहे. असा कळप अचानक दिव्यांत आला की पुढचा ट्रक ब्रेक मारतो आणि दहा मीटर मागचा त्याच्यावर जातो. साहजिकच ट्रकवाले डिव्हायडरला चिकटून चालतात, मोटारी डावीकडून काढतात आणि कोण कुठे जाईल याचा अंदाज कोणालाच राहत नाही.

चौथे कारण चालक स्वतः सांगतात आणि ते सर्वांत खरे वाटते: जागा सोडली की कोणीतरी घुसतो. चाळीस मीटर मोकळे दिसले की एखादी कार त्यात शिरते, पुन्हा मागे व्हायचे, पुन्हा दुसरी शिरते. अशाने पोचायचे कधी? याचाही हिशेब मांडता येतो. एक गाडी घुसली आणि आपण पुन्हा ४४ मीटर मागे झालो, तर आपले नुकसान दोन सेकंदांचे. भिलई ते नागपूर वाटेत शंभर गाड्या घुसल्या असे धरले तरी दोनशे सेकंद, म्हणजे सुमारे सव्वातीन मिनिटे. एवढा वेळ टोलनाक्यावरही जातो. पण चालकाला खेपेवर पैसे मिळतात, मालक दर तासाला फोन करून ‘कुठे पोचलास’ विचारतो, आणि १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यातले दिवसाला आठ तास आणि पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती हे कागदावरच राहिले. अशा माणसाला दोन सेकंदही आपल्या खिशातून गेल्यासारखे वाटतात. उन्हाळ्यात केबिनमध्ये इंजिनाच्या उष्णतेत बारा-चौदा तास बसलेल्या माणसाचे भान दीड सेकंदात येईल हेही गृहीत धरता येत नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून नव्या मध्यम आणि अवजड ट्रकांच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले आहे. सुरक्षेसाठी घेतलेल्या अलीकडच्या निर्णयांत मला हा सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

पुढचे वाहन चालते असो वा थांबलेले, त्याची पाठ किती क्रूर ठरू शकते हे महाराष्ट्राने पाहिले आहे. १४ ऑगस्ट २०२२ च्या पहाटे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर माडप बोगद्याजवळ माजी आमदार विनायक मेटे यांची गाडी पुढच्या अवजड वाहनावर मागून आदळली आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला. १५ ऑक्टोबर २०२३ ला समृद्धी महामार्गावर वैजापूरजवळ सैलानी बाबांच्या दर्शनाहून परतणाऱ्या भाविकांचा टेम्पो ट्रॅव्हलर थांबवलेल्या ट्रकवर मागून धडकला, बाराजण गेले. ट्रकच्या चौकटीखाली मोकळी जागा असते. लहान गाडी त्या जागेत घुसते, तिचा पुढचा मजबूत भाग आणि एअरबॅग निरुपयोगी ठरतात आणि धक्का सरळ काचेवर, माणसांच्या छाती-डोक्यावर येतो. अमेरिकेत १९६७ मध्ये अभिनेत्री जेन मॅन्सफिल्ड अशीच गेली. डासांसाठी फवारलेल्या धुरात पुढचा ट्रेलर हळू झाला होता. आपल्याकडे ट्रकच्या मागे खाली जो आडवा लोखंडी दांडा असतो तो याचसाठी. मानकाप्रमाणे तो जमिनीपासून ५५ सेंटिमीटरपेक्षा उंच नसावा आणि धक्का सोसण्याइतका भक्कम असावा. बघायला गेलात तर कुठे तो वाकून वर गेलेला असतो, कुठे गॅरेजवाल्याने पातळ नळी वेल्ड करून नुसता पासिंगपुरता लावलेला. टेल लाइट आणि लाल रेडियम पट्ट्यांवर चिखल. रात्री डांबरावर बिघडून उभ्या ट्रकच्या मागे त्रिकोणाऐवजी झाडाची फांदी आणि दोन दगड.

सळईची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण ती या भागाची आहे. सळई साधारण बारा मीटर लांब येते. लहान ट्रकचे हौद त्याच्या निम्मे असतात. म्हणून सळया यू आकारात वाकवून भरतात किंवा मागे बाहेर काढून ठेवतात आणि टोकाला लाल फडके बांधतात. पूर्वी नियमच असा होता की माल मागे एक मीटरपर्यंत बाहेर असला तरी चालेल. रात्री मागून येणाऱ्याच्या दिव्यात टोकाकडून पाहिलेला सळयांचा जुडगा ठिपक्यांसारखा दिसतो, तो किती पुढे आहे हे कळत नाही. सेव्हलाइफ फाउंडेशन या संस्थेने हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला आणि मार्च २०१४ मध्ये केंद्राने ती सूट काढून टाकली. आता माल हौदाबाहेर निघता कामा नये. लांब ट्रेलर वापरणारे मोठे कारखाने हा नियम पाळतात. तालुक्याच्या दुकानापर्यंत सळई पोचवणाऱ्या छोट्या गाड्या, ‘छोटा हत्ती’ टेम्पो आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्या पाळत नाहीत. उतईच्या रस्त्यावर मोटरसायकलवरून जाणाऱ्याला खरा धोका यांचाच. अशा गाडीच्या मागे चालायचे झाले तर तिच्या आरशात चालकाचा चेहरा दिसेल इतके बाजूला आणि इतके मागे राहावे. आपल्याला त्याचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही आपण दिसत नाही.

कायदा अंतराबद्दल गप्प नाही. पुढचे वाहन अचानक थांबले तरी धडक बसणार नाही इतके अंतर ठेवावे, असा नियम १९८९ च्या नियमावलीत होता आणि तिच्या जागी आलेल्या २०१७ च्या नियमावलीतही आहे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर एक प्रकरण आले. ट्रकच्या मागे दहा-पंधरा फुटांवर चाललेली कार त्याच्यावर आदळली. ट्रकने अचानक ब्रेक मारला असा कारवाल्यांचा दावा. न्यायालयाने म्हटले, इतके अंतर सुरक्षित म्हणताच येणार नाही, आणि निष्काळजीपणा कारचालकाचा ठरवला. पण याचा अर्थ पुढच्याने वाटेल तिथे ब्रेक मारावा असा होत नाही, हे २०२५ च्या एका निकालाने दाखवले. कोइमतूरजवळ एका कारने महामार्गावर इशारा न देता अचानक ब्रेक मारला, मागून येणारा मोटरसायकलस्वार विद्यार्थी तिला धडकून पडला आणि मागच्या बसखाली त्याचा पाय गेला. न्यायालयाने दोष वाटून दिला: कार ५० टक्के, बस ३० टक्के, अंतर न राखल्याबद्दल विद्यार्थी २० टक्के.

अडचण अंमलबजावणीची आहे. समृद्धी असो वा द्रुतगती मार्ग, कॅमेरे वेग पाहतात, सीटबेल्ट पाहतात. दोन गाड्यांमधले अंतर मोजून दंड केल्याचे ऐकिवात नाही. जर्मनीत ते मोजतात. तिथे ऑटोबानवर साडेतीन टनांपेक्षा जड ट्रकने ५० च्या वर वेग असताना किमान ५० मीटर अंतर ठेवायचे, असा सरळ आकडा कायद्यात आहे. वरच्या हिशेबात चाळीस ते साठच्या मधला जो आकडा निघाला, तो या ५० च्या आसपास आहे, हा योगायोग नसावा. युरोपात २०१५ पासून नव्या अवजड ट्रकांना आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा सक्तीची झाली. भारतात मार्च २०२५ मध्ये अशा सक्तीचा मसुदा निघाला आहे. २०१६ मध्ये युरोपातल्या कंपन्यांनी रेडिओने जोडलेले ट्रक मुद्दाम जवळजवळ चालवून पाहिले होते. पुढच्याने हवा कापली की मागच्याचे डिझेल वाचते आणि माणसाऐवजी यंत्र ब्रेक लावत असल्याने दीड सेकंद लागत नाही, असा विचार. डाइम्लर कंपनीने २०१९ मध्ये फायदा अपेक्षेइतका नाही म्हणून हा नाद सोडला. माणसाच्या हातातल्या ट्रेलरला तर दीड सेकंदाची सूटही नाही, त्यामुळे त्याने असे डिझेल वाचवायच्या भानगडीत पडूच नये.

अंतर मोजायला यंत्र लागत नाही. पुढचा ट्रक एखाद्या खांबाजवळून गेला की सावकाश ‘जय जय रामकृष्ण हरी’ म्हणायचे. म्हणून संपण्याआधी आपण खांबाशी पोचलो तर फार जवळ आहोत. भरलेल्या गाडीने दोनदा म्हणावे, पावसात तीनदा. डिसेंबर-जानेवारीत साकोली-देवरीच्या धानपट्ट्यात पहाटे धुके उतरते, तेव्हा मात्र मोजण्यापेक्षा ढाब्यावर थांबलेले बरे.

ब्रिटनमध्ये एम-१ या मोटारमार्गावर एक स्वस्त उपाय करून पाहिला गेला. लेनमध्ये ठरावीक अंतरावर पांढरे बाण रंगवले आणि फलक लावला की दोन बाणांचे अंतर ठेवा. चालकाला मनात आकडेमोड करावी लागत नाही, समोर दिसते. आणि तिथे अपघात लक्षणीय घटल्याचे आढळले. दुर्गच्या पश्चिमेकडून आरंगपर्यंत, भिलईच्या दक्षिणेने, पाटण-अभनपूर भागातून जो सुमारे ९२ किलोमीटरचा सहापदरी बायपास होतो आहे, त्यावर हे सहज जमेल. रायपूर आणि भिलईच्या गर्दीतून सुटलेले ट्रेलर तिथे ८० वर धावणार, वाटेत सिग्नल नाही, त्यामुळे पाठीला चिकटण्याचा मोह जास्त. एका बाणाच्या पट्ट्याला लागतो तो रंग आणि रात्री चमकणारे काचमणी. रस्ता नीट सुरू होण्याआधी रंगवला तर एका रात्रीचे काम. एकदा ट्रेलरांची रांग लागली की लेन बंद करायला पोलीस, शंकू आणि परवानग्या लागतात, आणि त्या बंद लेनच्या तोंडाशीच मागून धडका बसतात.